गढूळ पाण्यावरचा पिवळा उजेड

आधीच कबूल करतो, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आलोय. जेवताना फोन समोर ठेवायचा आणि 'हॅ, काहीही!' म्हणत एकेक किस्सा संपवायचा. दोन-तीन जणांना तर खाली कॉमेंटमध्ये चांगलं धुतलंही आहे... 'अहो, आधी घरातली वायरिंग तपासा' वगैरे. त्या सगळ्यांची आज माफी मागतो. आता माझी पाळी आहे, तुम्ही धुवायला मोकळे.

मी प्रसाद. मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं ॲरिझोनात, चँडलरला. चिपच्या कंपनीत पॉवर सर्किट्सचं काम करतो. बायको मधुरा आणि मुलगी इरा दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या. सासूबाईंचं ऑपरेशन होतं, सहा महिन्यांत परत यायच्या होत्या. मग इराची शाळा तिकडे सुरू झाली, मधुराला नोकरी लागली, आणि सहा महिन्यांची दोन वर्षं कशी झाली ते कळलंच नाही. भांडण म्हणाल तर काही नाही. ती म्हणते 'तू ये', मी म्हणतो 'ग्रीन कार्डचं काय होतंय ते बघू, पुढच्या वर्षी नक्की.'

पण हे सगळं घडलं त्या आठवड्यात तिने निर्वाणीचं सांगितलं होतं. 'प्रसाद, येणार आहेस की नाही, ते या रविवारी सांग. हो तर हो, नाही तर नाही. मला इराला काहीतरी एक सांगता आलं पाहिजे.' मी इरालाच विचारलं, 'बाबा आला तर आवडेल ना गं?' ती म्हणाली, 'तू फोनमध्येच बरा आहेस बाबा, कंटाळा आला की म्यूट करता येतं.' हसलो मी. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ किचनमध्ये नुसता उभा होतो.

आता बोटीचं. ऑफिसातल्या ग्रेगला बो-फिशिंगचा नाद होता. म्हणजे रात्री चपट्या तळाची बोट उथळ पाण्यात न्यायची, पुढच्या रेलिंगला दिवे बांधून पाण्यात उजेड पाडायचा, आणि दिसेल त्या कार्प माशावर धनुष्यबाणाने नेम धरायचा. बाणाला दोरी असते, मासा ओढून घ्यायचा. मी घरचा वरणभातवाला. मधुरा म्हणायची, 'जे खात नाहीस ते मारायला कशाला जातोस रे?' तर मारलं कुठे? माझा एकही बाण कधी लागला नाही. पण ग्रेग बडबड्या होता, रात्र बरी जायची. मग त्याची टेक्ससला बदली झाली आणि जाताना बोट माझ्या गळ्यात मारून गेला.

तिचे जुने दिवे मरायला टेकले होते. झालं, मला काम मिळालं! चार वीकेंड मी एलईडीचं एक्सेल करत होतो... लुमेन, वॅट, रंगाचं तापमान, बीमचा अँगल, बॅटरी किती तास पुरेल. आकड्यांवर थंड पांढरा उजेड सरळ सरळ जिंकत होता. पण तलावाच्या धक्क्याजवळ आमिषाचं दुकान चालवणारे एक म्हातारेबुवा आहेत, ते म्हणाले, 'ऑगस्टच्या वादळांनंतर आमचं पाणी कॉफीसारखं असतं. पांढरा लावशील तर धुक्यात हेडलाइट लावल्यासारखं होईल. पिवळाच घे.'

नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे इंजिनियरिंगचा अपमान. मग मी आपला देशी मार्ग काढला. दोन्ही सेट मागवायचे, टेस्ट करायची, आणि हरलेला सेट तीस दिवसांच्या आत परत. खोकी, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं जपून ठेवलं. बोटीच्या डाव्या अंगाला पांढरे दोन, उजव्या अंगाला पिवळसर दोन.

टेस्ट कशी? तर घरातली एक स्टीलची ताटली घेतली, मधुराच्या रुखवतातली. मागे ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय : 'चि. मधुरा हिस सप्रेम – कमल आत्या'. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. ताटली पाण्यात सोडायची आणि ज्या गाठीला नाव वाचता येईनासं होईल ती वहीत लिहायची. हसू नका, पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

शनिवार होता, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही. चँडलरहून पावणेदोन तास, आणि शेवटच्या वळणानंतर फोनला रेंज नाही. मधुराला उत्तर द्यायचा रविवार उद्यावर आला होता, त्यामुळे रेंज नाही हे मला बरंच वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. धक्क्यावर माझ्याशिवाय एकही गाडी नव्हती. अमावास्येच्या आसपासची रात्र, वारा पडलेला. एका आडोशाच्या खाडीसारख्या भागात बोट नेली, डेप्थ मीटरवर पाच फूट बघितले आणि नांगर टाकला. लाइफ जॅकेट वहीत लिहिताना काचत होतं म्हणून काढून ठेवलं. चूक, मान्य!

पांढऱ्या उजेडात पाणी दुधासारखं झालं. तिसऱ्या गाठीला मधुराचं नाव गेलं. पिवळसर उजेडात पाचव्या गाठीपर्यंत टिकलं. म्हातारेबुवा जिंकले. प्रत्येक वेळी वाकून बघायचं, 'मधुरा... मधुरा... मधु...' आणि मग काहीच नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला मला उगाचच भरून आलं. एवढ्या मोठ्या काळोखात मी काय करतोय, असं झालं.

दोन टेस्टच्या मध्ये डोळे पूर्ववत व्हावेत म्हणून मी पाच मिनिटं सगळे दिवे बंद ठेवत होतो. अशाच एका अंधारात मला ती दुसरी बोट दिसली.

साधारण दीडशे फुटांवर असेल. पुढे पिवळेजर्द दिवे, पाण्यात खोलवर उजेड, आणि दिव्यांमागे उभा एक माणूस. त्याने हात वर केला, मीही केला. खरं सांगतो, आनंद झाला हो मला! बोट हळूहळू जवळ येत माझ्या बोटीला समांतर थांबली. मध्ये जेमतेम एका पावलाचं अंतर. टोपीमुळे त्याचं तोंड सावलीत होतं. साठीचा असावा.

'कसले दिवे लावलेत?' त्याने विचारलं.

मग काय, मी सुटलोच. एक्सेलपासून ताटलीपर्यंत सगळं सांगितलं. तो एकेक गोष्ट नीट ऐकत होता, मध्येच नेमका प्रश्न विचारत होता. 'रेलिंगपासून किती वाकवलेत? पाण्यावर चमक परत येते का?' दोन वर्षांत कोणी माझं असं ऐकून घेतलं नव्हतं. अर्धा तास तरी आम्ही बोललो असू. एक गोष्ट अजून सुटत नाही, आम्ही कुठल्या भाषेत बोललो ते मला आठवत नाही. इंग्लिशच असणार, दुसरी कुठली असणार? पण मला त्याचे शब्द मराठीतच आठवतात.

मग तो म्हणाला, 'घरी कोणी वाट बघतंय?'

मी म्हणालो, 'नाही.'

'मग ये की इकडे. दोघं मिळून जाऊ.'

कुठे, हे मी विचारलंसुद्धा नाही. वही खाली ठेवली, उठलो आणि एक पाय बोटीच्या कडेवर ठेवला. मनात भीती नव्हती, शंका नव्हती. उलट इतकं हलकं वाटत होतं, जणू शाळा सुटली.

तेवढ्यात माझी नजर माझ्या टी-शर्टवर गेली. निळा टी-शर्ट, पण त्या उजेडात काळपट-करडा दिसत होता. हाताचाही रंग मेल्यासारखा. आता हे माझं रोजचं क्षेत्र आहे बघा. पिवळ्या एलईडीत निळा इतका मरत नाही. असे रंग मारतो तो जुना सोडियमचा दिवा, आपल्याकडे पूर्वी हायवेवर असायचे ते. बोटीवर तसे दिवे चालवायचे तर जनरेटर लागतो, आणि जनरेटरची फटफट अर्धा मैल ऐकू येते. इथे तर पाण्याचा आवाजसुद्धा नव्हता.

सवयीने तोंडातून निघून गेलं, 'तुमचा जनरेटर कुठंय हो?'

दिवे गेले, सगळे, एकदम! सोडियमचे दिवे विझवले तरी थोडा वेळ निखाऱ्यासारखे धुगधुगतात. हे तसे धुगधुगले नाहीत. मी एका पायावर, काळ्याकुट्ट अंधारात. खाली बसलो म्हणण्यापेक्षा पडलो, चाचपडत स्विच शोधला आणि चारही दिवे लावले.

बोट नव्हती. आजूबाजूला पाण्यावर साधा तरंगही नव्हता. जिथे मी पाय टाकणार होतो तिथे पाणीच पाणी. आणि डेप्थ मीटरवर आकडा होता... चौऱ्याहत्तर फूट. नांगराची दोरी सरळ खाली लोंबत होती, टोकाला नांगर होता, पण तो कशालाच टेकला नव्हता. वारा नाही, प्रवाह नाही, मोटर बंद. मी तलावाच्या मधोमध कसा आलो?

परत कसा आलो ते विचारू नका. कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस मी, पण धक्क्यावर उतरलो तेव्हाही लाइफ जॅकेट अंगावर घट्ट आवळलेलं होतं. दुकानाच्या वरच राहणारे म्हातारेबुवा माझ्या ट्रेलरच्या आवाजाने खाली आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला कॉफी दिली आणि म्हणाले, संध्याकाळपासून माझ्याशिवाय दुसरी बोट पाण्यात उतरलेली नाही, आणि सोडियमचे दिवे तर इथे कित्येक वर्षांत कोणी लावलेले त्यांनी पाहिले नाहीत. त्या तलावात पूर्वी असं कोणी गेलं होतं का, हेही मी विचारलं. म्हणाले, 'तलाव आहे बाबा, माणसं जातातच.' त्याउपर काही नाही.

शेवटच्या वळणावर फोनला रेंज आली. एकही मिस्ड कॉल नव्हता. असणार तरी कसा, मी तिकडे गेलोय हे कोणाला माहीतच नव्हतं. पहाटेचे अडीच झाले होते, म्हणजे पुण्यात रविवारची दुपार. गाडी कडेला घेतली आणि मधुराला फोन लावला.

'अरे, झोपला नाहीस अजून?' ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी, इराचं काहीतरी ओरडणं. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, काही न वगळता. 'घरी कोणी वाट बघतंय का' याला मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, भास झाला असेल, झोप कमी झालीय, डॉक्टरला दाखव. दुसऱ्या कोणी मला असं सांगितलं असतं तर मी हेच म्हणालो असतो, आणि आजही मला तेवढंच सुचतं. पण ते चौऱ्याहत्तर फूट त्यात बसत नाहीत. बरेच दिवस गणित करून पाहिलं, बसत नाहीत.

तिकडे तिने गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

मग हळूच म्हणाली, 'त्या माणसाने एकदाच बोलावलं ना रे?'

'हो.'

'आणि तू लगेच पाय उचललास.'

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

'मी दोन वर्षं बोलावतेय, प्रसाद.'