पाच नंबरची गाडी

गाडी चालवायला मी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही सौदीत. नाशिकला नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसण्यापलीकडे माझा वाहनाशी संबंध आला नव्हता. इकडे आल्यावर नवरा कंपनीच्या बसने धाहरानला ऑफिसला जायचा, मुलगी शाळेच्या बसने, आणि मी खोबरच्या फ्लॅटमध्ये कुणी नेईल तेव्हा बाहेर पडायचे. बायकांना परवाने मिळू लागले तेव्हा मुलीनेच माझं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. मी कारणं सांगू लागले, तर "मम्मी, यू आर गोइंग, खलास," म्हणून तिने विषय संपवला.

शिकवायला आली ती तिशीतली सौदी मुलगी. काळा पायघोळ अबाया, त्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आवाज कधी न चढणारा. मी प्रत्येक गोल चौकात भर वळणावर ब्रेक दाबायचे. मागचे हॉर्न वाजवायचे, मी आणखी दाबायचे. तिने एकदा गाडी कडेला घ्यायला लावली आणि सांगितलं, की ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात शिरल्यावर पाय हलका ठेवायचा. हे तुला कुणी शिकवलं, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, वडिलांनी. ते तरुणपणी शर्यतीत गाड्या चालवायचे.

उरलेला तास तिने मला त्या शर्यतींबद्दल सांगितलं. तेल कंपनीच्या कॅम्पमधल्या काही परदेशी इंजिनिअरांनी शहराबाहेरच्या वाळवंटात बुलडोझरने एक लंबगोल धावपट्टी काढून घेतली होती. शर्यती स्टॉक कारच्या. स्टॉक कार म्हणजे मुद्दाम बनवलेली रेसची गाडी नव्हे. रस्त्यावर धावून जुनी झालेली साधी मोटार घ्यायची, सीटा, काचा उपटून टाकायच्या, दारं वेल्डिंगने बंद करायची आणि खिडकीतून आत शिरायचं. तिचे वडील मूळचे बुरैदाचे, खजुराच्या बागायतदारांच्या घरातले. नोकरीसाठी किनाऱ्यावर आले आणि सुट्टीच्या दिवशी त्या धुळीत उतरले. आता तिथे मोठी वसाहत उभी आहे. धावपट्टी कुठे होती हे विचारलं तरी कुणाला सांगता येत नाही.

मी लग्नाआधी नाशिकच्या एका वर्तमानपत्रात मुलाखती घ्यायचे, हे बोलता बोलता तिला कळलं. माझा परवाना हातात आला त्या दिवशी तिने चाचरत विचारलं, की माझ्या बाबांशी बोलशील का. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. घरात फोटोंचा एक डबा होता, पण एकाही फोटोमागे काही लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "ते आहेत तोवर तो इतिहास आहे. नंतर त्या नुसत्या जुन्या गाड्या."

मी स्वतः गाडी चालवत त्यांच्या घरी गेले. उंच, वाळलेले गृहस्थ, पांढरी दाढी, बसणं ताठ. माझी अरबी बाजारापुरती, त्यामुळे त्यांची मुलगी दुभाषी होणार असं ठरलं होतं. पण म्हातारबुवांनी कहवा पुढे करत सरळ हिंदीत सुरुवात केली. "आराम से बैठो, बिंती. हळूहळू बात करेगा."

बिंती म्हणजे मुली, हे मला कळत होतं. पण हळूहळू! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा शब्द तुम्हाला कुठून मिळाला, म्हटल्यावर ते हसले. त्यांची गाडी बांधणारा मिस्त्री कोकणातला होता, दापोलीकडचा. वळण आलं की तो धावपट्टीच्या कडेला उभा राहून दोन्ही हात खाली दाबत "हळू, हळू" ओरडायचा. इंजिनाच्या आवाजात ऐकू काही यायचं नाही, पण त्याचे हात दिसायचे.

मग दर आठवड्याला एक दुपार मी तिथे जाऊ लागले. मी फोटोचं वर्णन करायचं, त्यांनी तो ओळखायचा आणि त्या दिवशीचं सांगायचं, मुलीने रेकॉर्डर सांभाळायचा, अशी आमची पद्धत पडली. सुरुवातीला मला वर्णनच जमेना. लाल गाडी, खूप धूळ, मागे माणसं, असं मी सांगायचे. ते मान हलवायचे. धूळ सगळ्याच फोटोंत असणार! बॉनेट तारेने बांधलंय की पट्ट्याने? पुढचा दिवा उपटलेला आहे की फुटलेला? सावली लांब आहे का? हळूहळू मी बघायला शिकले. पट्टा दिसला की ते म्हणायचे, हा दुसरा हंगाम, पहिल्या हंगामात आमच्याकडे पट्टा कुठला.

एका फोटोत गाडीच्या दारावर मोठा अरबी पाच रंगवलेला होता. अरबी पाच दिसतो शून्यासारखा. हे ऐकून ते खुशीत आले. त्यांची ती पहिलीच शर्यत, आणि फेऱ्या मोजायला बसलेल्या परदेशी माणसाने त्यांच्या फेऱ्या शून्य नंबरच्या नावावर मांडल्या. शून्य नंबरची गाडीच नव्हती, म्हणून शेवटी त्या सगळ्या खोडून टाकल्या. सगळ्यांच्या पुढे येऊनही ते निकालात नव्हते. लोकांनी सांगितलं, इंग्रजी आकडा रंगव. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात कहव्याचा थर्मास घेऊन ते मोजणाऱ्याकडे गेले आणि त्याला अरबी आकडे शिकवून आले. मुलीने ही गोष्ट जन्मात ऐकली नव्हती. ती इतकी हसली की रेकॉर्डिंगमध्ये पुढचं काही नीट ऐकू येत नाही.

डब्याच्या तळाशी एक फोटो निघाला. गाडी उलटी पडलेली, चाकं आकाशाकडे. मी सांगू की नको अशा विचारात थांबले, तेव्हा त्यांनीच विचारलं, "उलटा है?" मी हो म्हटलं. त्यांनी कहव्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, त्यानंतर मी शर्यत सोडली.

त्या दिवशी ते दुसऱ्या क्रमांकावर होते. शेवटच्या वळणात शिरल्याचं आठवत होतं, नंतरचं थेट हॉस्पिटल. वडील बुरैदाहून आले आणि त्यांना गावी घेऊन गेले. कित्येक महिन्यांनी परत आले तेव्हा गाडी भंगारात गेली होती, कफीलशी, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाशी, काम संपल्यामुळे मिस्त्रीही फायनल एक्झिट घेऊन कायमचा भारतात गेला होता. काय झालं हे सांगणारं कुणी उरलं नाही. आपला हात चुकला, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि पुन्हा त्या धावपट्टीकडे फिरकले नाहीत. मुलगी वडिलांकडे बघत होती. तिला वाटत आलं होतं, की लग्न झालं म्हणून त्यांनी शर्यत सोडली.

निघताना ते मला म्हणाले, "मिस्त्री देखा था. तुम्हारा मुलुक का आदमी है. पूछो."

माझा मुलुक नाशिक, मिस्त्रीचा दापोली. पण खोबरमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला किराण्याचं दुकान चालवणारे चाचा कोकणातले, हे मला माहीत होतं. त्यांना मी मिस्त्रीचं नाव आणि वर्णन सांगितलं. त्यांनी ते गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. असं कुणी सापडतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता. आठवडा व्हायच्या आत चाचांचा फोन आला, की माणूस आहे, दापोलीजवळच्या खेड्यात मुलाकडे राहतो, गुडघे गेलेत पण बोलतो खणखणीत.

आधी मी एकटीच बोलले. खोबरहून बोलते म्हटल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला, "भाई हायत ना?" भाई म्हणजे म्हातारबुवा. आहेत, म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. मी अपघाताचं विचारलं. भाईंना वाटतं त्यांचा हात चुकला, हेही सांगितलं.

"कोण बोलला हात चुकला?" ते एकदम तापले. "बाय, मी वळणावरच उभा होतो ना. पुढची गाडी धुळीत फिरून आडवी झाली. आत माणूस अडकलेला. भाई सरळ गेले असते तर त्याच्या दारात घुसले असते. त्यांनी स्टेअरिंग गर्रकन फिरवून गाडी कडेच्या मातीच्या बांधावर घातली. मुद्दाम घातली. तो आतला गोरा दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजमधी येऊन रडला."

हे मी सांगण्यात अर्थ नव्हता. पुढच्या दुपारी मी फोन स्पीकरवर लावून त्यांच्यासमोर ठेवला. दोघे आधी नुसतेच एकमेकांच्या आणि मुलाबाळांच्या तब्येती विचारत राहिले, अरबी, हिंदी, मराठी सगळं एकत्र. मग मिस्त्रीने ते सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारबुवा मांडीवर हात उपडे ठेवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी दोन्ही हात उचलले, स्टेअरिंग धरल्यासारखे, आणि सावकाश बाहेरच्या बाजूला वळवले. दोनदा, तीनदा. "हां," ते म्हणाले, "ऐसा ही होगा." मुलगी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. फोनवर मिस्त्री विचारत होता, की लाइन कटली का.

त्यानंतर त्यांचा चेहराच बदलला. आधी मी विचारायचे तेव्हा ते सांगायचे. आता मी पोचायच्या आत ते मुलीला काहीतरी सांगून ठेवत. प्रत्येक फोटोखाली मुलीने अरबीत ओळी लिहिल्या, मी इंग्रजीत, आणि मिस्त्रीला पाठवायच्या प्रतीसाठी मराठीत. माझ्या मुलीने सगळे फोटो स्कॅन करून दिले. पहिल्यांदाच तिने माझ्या एखाद्या कामाचं कौतुक केलं, तेही चक्क मराठीत.

हिवाळ्यात खोबरच्या समुद्रकिनारी जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा भरला. चकचकीत गाड्यांच्या रांगेच्या शेवटी आम्हाला एक कोपरा मिळाला. तिथे फोटो मांडले आणि म्हातारबुवांना खुर्ची दिली. मला वाटलं होतं थोडे लोक डोकावतील. पण तरुण पोरं-पोरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. दारं वेल्डिंगने बंद मग आग लागली तर, असं एका मुलीने विचारलं. ती स्वतः रॅलीत गाडी चालवायला शिकत होती. त्यांनी तिला खिडकीतून बाहेर पडायची रीत बसल्या जागी हातवारे करून दाखवली.

गर्दी ओसरत आली तेव्हा एक वयस्क सौदी बाई नातीचा हात धरून आल्या. त्या फोटो एकेक करून निरखत गेल्या. एका फोटोसमोर थांबून त्यांनी कडेच्या, अर्ध्याच दिसणाऱ्या हिरव्या गाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ही माझ्या नवऱ्याची. तो वारला. आम्हाला याबद्दल कधी कुणी विचारलं नाही.

म्हातारबुवांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि कुठली हिरवी गाडी, म्हणून विचारलं. मुलीने दुसरी खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी ठेवली. बाई बसल्या, पदर सावरावा तसा अबाया सावरला, आणि मी रेकॉर्डर सुरू केला.