कव्हर काढणारी बायजामावशी

बायजामावशी रोज सकाळी शिफ्टला जाण्याआधी दिनेशशेठच्या गाडीवरचं कव्हर काढायची. लपूनछपून नाही आणि घाईनेही नाही. आधी खालून बांधलेल्या नाड्या सोडायची, मग मागच्या बाजूने कव्हर गुंडाळत पुढे यायची. पुढचा फुटलेला दिवा उघडा पडला की थांबायची, त्याच्याकडे एकदा बघायची. मग ते चंदेरी कव्हर अंगणात पसरून त्याची घडी घालायची, कडेला कड लावून. आयुष्यभर लूमवरच्या कापडाच्या घड्या घातलेली बाई. रागातसुद्धा तिला कापड चुरगाळता येत नव्हतं. घडी शेठच्या पायरीवर ठेवून, पदर खोचून ती कामाला निघून जायची. थोड्या वेळाने शेठचा ड्रायव्हर येऊन गाडी झाकायचा. दुसऱ्या सकाळी मावशी पुन्हा हजर.

तसं आमच्या टेमघर गावात गाडी झाकून ठेवण्यात नवल नव्हतं. दोन हजारच्या दशकातली ती पहिली वर्षं. कशेळीकडच्या जमिनी गोडाउनवाल्यांना विकून लोकांच्या दारात गाड्या आल्या होत्या, पण गाडी ठेवायला छप्पर कुणी बांधलं नव्हतं. गल्लीभर कापडाचे लूम. खिडक्यांतून कापसाचा तूस उडायचा आणि उघड्यावरच्या गाडीवर सकाळपर्यंत पांढरी लव चढायची. म्हणून प्रत्येक गाडीला कव्हर. शेठची गाडी मात्र दिवसाढवळ्याही झाकलेली राहू लागली, ती यमुना गेली त्या संध्याकाळपासून.

यमुना ही मावशीची धाकटी बहीण. दोघी एकाच कारखान्यात फोल्डिंगला. कापडाचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाऊस पडत होता. कारखान्यातून येताना वळणावर एका पांढऱ्या गाडीने यमुनाला उडवलं आणि गाडी थांबली नाही. वळणावरच्या पानवाल्याने गाडी पाहिली, नंबरही पाहिला. पोलीस आले तेव्हा त्याने काहीच पाहिलेलं नव्हतं.

कागदावर लिहिलं गेलं, ‘अज्ञात वाहनाने धडक दिली.’ मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं.

“अज्ञात म्हंजे काय रं?”

“कुणाला माहीत नसलेलं.”

“आख्ख्या गल्लीला माहीत हाय क,” ती म्हणाली. “मंग अज्ञात कोनाला?”

तिच्या हट्टामुळे एक हवालदार शेठच्या अंगणापर्यंत आला. झाकलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली, शेठच्या ओट्यावर चहा प्यायला आणि मावशीला म्हणाला, “बाई, खाजगी गाडी आहे. तिचं कव्हर असं काढता येत नाही. त्याला वरून आदेश लागतो.” मी तिथेच होतो. चार नाड्यांनी बांधलेल्या एका कापडासमोर सरकार हात टेकून परत गेलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मरेपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या सकाळी मावशीने पहिल्यांदा कव्हर काढलं. आदेश तिने स्वतःच दिला.

ती दिसायला कशी होती ते सांगतो. बुटकी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. केसांत कायम तूस, त्यामुळे तिचं खरं पिकलेलं किती आणि कापूस किती, हे कळायचं नाही. आवाज लूमच्या खडखडाटावर चढवायची सवय असल्याने घरातही ती ओरडूनच बोलायची. पण गाडीपाशी आली की एक शब्द नाही. शेठ पहिल्या दिवशी अंगावर धावून आला. “काय लावलंय म्हातारे? माझ्या गाडीला हात लावते?” मावशी त्याच्याकडे बघून नुसती घडी घालत राहिली. शेवटी तोच म्हणाला, “येडी झालीय,” आणि आत गेला. तेच त्याने स्वतःच्या आईलाही सांगितलं असणार. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ती ओट्याच्या खाली फारशी उतरत नसे. गाडीला म्हैस आडवी आली, असं तिला सांगितलेलं होतं.

मी तेव्हा विशीत होतो. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाप कामगार संघटनेत, त्याच्या खाटेखाली गठ्ठेच्या गठ्ठे असायचे. मी मावशीकडे गेलो ते पत्रकाचा मसुदा घेऊनच. धनदांडग्यांच्या गाड्या, कामगारांचं रक्त, जाहीर निषेध, सगळं त्यात होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“यमुनेचं नाव कुठं हाय?”

“हे काय, इथे.”

“आणि ह्ये खालचं मोठं मोठं?”

“ते संघटनेचं.”

“यमुनेचं बारीक, तुमचं मोठं.” ती हसली. “ऱ्हाऊ दे बाबा. परवा तुज्या बापाच्या कागदात मी भेल खाल्ली. भेल बरी होती.”

मग तिने मला पहाटे बोलावलं आणि फुटलेल्या दिव्याच्या आत बोट दाखवलं. काचेच्या खाचेत हिरव्या बांगडीचे दोन तुकडे अडकले होते. गौरीच्या सणाला दोघी बहिणींनी भरलेला तो चुडा. आत्ताच्या आत्ता तुकडे काढून चौकीत नेऊ, असं मी म्हणालो.

“काढू नको,” ती म्हणाली. “काढलं की माज्या हातातलं झालं. म्हणतील, बाईनं घरून आनलं. तिथं हाय तवर त्याचं हाय.”

“पण शेठने बघितलं तर?”

“त्यो बघनार न्हाय. कव्हर लोकांसाठी न्हाय घातलेलं त्यानं.”

हे तिचं म्हणणं खरं होतं. त्या महिन्यात शेठ गाडीच्या पुढच्या बाजूला गेलेला मी कधी पाहिला नाही. झाकण्याचं कामही ड्रायव्हरवर सोपवलेलं, आणि तो तोंड फिरवून कव्हर ओढायचा.

शेठने गाडी गॅरेजला का नेली नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्याने दोनदा नेऊ पाहिली. आड आली आई. आधी पितृपक्ष लागला. “पितरांत लोखंडाला हातोडा लावायचा न्हाय,” म्हातारीने बजावलं. जमीन तिच्या नावावरची, गाडी त्या जमिनीच्या पैशातली. तिचा शब्द मोडायची शेठची छाती नव्हती. मग घट बसले. घट बसलेले असताना घरातली लक्ष्मी दाराबाहेर जायची नाही. मग दसरा, आणि दसऱ्याला गाडी पूजेवाचून राहिली तर घराण्याचं काय होईल, हे म्हातारीने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. पोलिसांना जमलं नाही ते तिच्या सोवळ्याओवळ्याने केलं. गाडी जागची हलली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मावशी कव्हर काढायला गेली नाही. मी तिच्या दारात जाऊन विचारलं, “आज नाही?”

“आज त्याची आय काढंल,” ती म्हणाली. ती आपट्याची पानं निवडत होती.

गल्लीतल्या सगळ्या गाड्या धुतल्या होत्या. शेठच्या अंगणात पाहुणे जमले. ड्रायव्हरने कव्हर काढलं आणि झेंडूचा एक जाडजूड हार पट्कन फुटलेल्या बाजूवर टाकला. म्हातारीला धरून खाली आणलं. तिने नारळ ओवाळला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. मग म्हणाली, “डोल्यांना पन कुंकू लावाय पायजे.” गाडीचे डोळे म्हणजे पुढचे दिवे. शेठ म्हणाला, “आये, राहू दे, काच लागंल.” तिने हार बाजूला सारला, दिव्यावर बोट फिरवलं, आणि बोट तिथेच थांबलं. चाचपडत तिने एक तुकडा उपसला, डोळ्यांजवळ नेला.

“दिनेश,” ती म्हणाली, “म्हैस चुडा भरते क रं?”

मागे बायकांत मावशी उभी होती, हातात आपट्याची पानं. म्हातारीने विचारलं, “कोनाचा हाय?” मावशी म्हणाली, “माज्या भयनीचा.” तेवढंच. त्या क्षणी शेठचं तोंड कसं झालं होतं ते मी मुद्दाम निरखून पाहिलं. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही. म्हातारी तिथेच चाकाला टेकून जमिनीवर बसली आणि म्हणाली, पोलीस येईस्तोवर कोनी गाडीला हात लावायचा न्हाय. पोलीस आले. दुसरा तुकडा त्यांनी सगळ्यांदेखत दिव्यातून काढला. पानवाल्याला त्या दुपारी नंबरसकट सगळं आठवलं.

शेठला अटक झाली, जामीनही झाला. खटला सुरू झाला. गाडी चौकीमागच्या मैदानात गेली, जप्तीतल्या इतर गाड्यांच्या रांगेत, उघड्यावर. पुढच्या पावसाळ्यात शेठ स्वतः मावशीच्या खोलीत आला. मी होतो. पहिल्यांदाच त्याने चपला बाहेर काढल्या.

“मावशी, गाडी सडते आहे. खटला चालू दे, माझं काही म्हणणं नाही. चौकीतले साहेब म्हणतात, तुमची हरकत नसेल तर निदान कव्हर घालू देतो.”

मावशी लसूण सोलत होती.

“यमुना पडली तवा पाऊस होता,” ती म्हणाली. “जीव होता अजून. मी दारोदार कपडा मागत फिरले, तिच्यावर घालाया. जन्मभर कापडाच्या घड्या घातल्या तिनं, आनि रस्त्यावर वावभर कापड गावलं न्हाय. माजा पदर पुरंना. त्याच सांजेला तू गाडी झाकलीस. नवं कोरं कव्हर होतं. मी घडी घातलीय, मना माहीत हाय.”

शेठ दाराबाहेरच्या आपल्या चपलांकडे बघू लागला.

“भिजू दे तिला,” मावशी म्हणाली आणि पुढची पाकळी हातात घेतली.

मावशी नंतर खोकल्याने गेली. तूस छातीत बसला होता. खटल्याला अजून तारखाच पडताहेत. मी चौकीवरून जातो तेव्हा मुद्दाम मागच्या मैदानात डोकावतो. टपाला भोकं पडली आहेत, सीटमधून गवत वर आलंय, आणि गाडीवर कुणी काहीही घातलेलं नाही.