बेसिनवर राहिलेली मिश्री

मी मिश्री लावते. झालं, सांगून टाकलं एकदाचं! तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजून केलेली पूड, ती रोज सकाळी हिरड्यांवर घासल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येत नाही. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिच्याकडून ही सवय आली. आज मी बेळगावात बऱ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळं ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिलेला नाही.

चाळिशी उलटल्यावर हट्टानं एकटीच क्वालालंपूरला निघाले. आई म्हणाली, "एकटीच? लई शानी झालीस गं!" डबी मात्र तिनंच भरून दिली. विमानतळावर उतरले आणि समोर पाटी, अमली पदार्थ आणणाऱ्याला फाशीसुद्धा होऊ शकते. पर्समध्ये डबीभर काळी पूड, आणि टाकायची म्हटलं तर जिथंतिथं कॅमेरे. कुणी अडवलं नाही, तरी हॉस्टेलवर पोचेपर्यंत माझा जीव मुठीत होता.

हॉस्टेलात बायकांच्या खोलीत एकावर एक अशा सहा खाटा होत्या. माझ्या खालच्या खाटेवर नेपाळची एक नर्स होती, तीही एकटीच फिरायला आलेली. पहिल्याच संध्याकाळी तिनं हिंदीत विचारलं, "दीदी, जेवलात का?" मी नाही म्हटल्यावर हाताला धरून खाली घेऊन गेली, कुठं काय स्वस्त मिळतं ते दाखवलं, मेट्रोचं तिकीट कसं काढायचं ते शिकवलं. परक्या मुलखात इतकी माया कोण करतं हो? समोरच्या खाटेवर एक उंच जर्मन पोरगी होती. ती हसायची, पण फारसं बोलायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करताना आठवलं, डबी बेसिनवरच राहिली. धावत वर गेले. खोलीत हॉस्टेलचा मॅनेजर उभा होता आणि जर्मन पोरीनं उघडी डबी दोन बोटांत लांब धरली होती. नर्स आपल्या खाटेपाशी उभी होती.

"ही कुणाची?" मॅनेजरनं इंग्रजीत विचारलं.

आमच्या सीमाभागात कचेरीत गेलं, की आधी साहेबाचं तोंड बघायचं, मराठी चालंल का कन्नड ते ताडायचं आणि तोवर गप्प उभं राहायचं. लहानपणापासून हे अंगात मुरलंय. मी गप्प उभी राहिले. तेवढ्यात ती पोरगी नर्सकडं बोट करून म्हणाली, "मघाशी बेसिनपाशी ही होती."

"माझी नाही," नर्स म्हणाली. मॅनेजरनं तिला बॅग उघडायला लावली. तिचे कपडे, टॉवेल, आतले कपडे, सगळं खाटेवर पसरलं. गोळ्यांची दोन पाकिटं निघाली तसा त्याचा चेहरा बदलला. पोलिसांना बोलावतो म्हणून त्यानं फोन काढला.

बोल गं भवाने, बोल! मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते आणि जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांपुढं ती पाटी होती. हे लोक मला आत टाकणार, घरी कळणार, आई हाय खाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

नर्स माझ्याकडं वळली. "दीदी, तुम्ही तरी सांगा यांना. मी तशी नाही."

मी डबी हिसकावली, चिमूट घेतली आणि सगळ्यांदेखत दातांवर घासली. "टोबॅको! माय टोबॅको!" काळी लाळ हनुवटीवर आली. मॅनेजरनं डबी नाकाशी नेली, पुन्हा हुंगली, गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं वाचली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि फोन खिशात टाकला. "हे इथं चालणार नाही, टाकून द्या," एवढं बोलून निघून गेला. पोरगी नर्सला चारचारदा सॉरी म्हणाली.

मी तोंड पुसलं, खाली वाकले आणि नर्सचे कपडे गोळा करू लागले.

"तुम्ही पहिल्यापासून इथंच उभ्या होतात ना?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"मी लई भ्याले होते गं," मी म्हणाले. हिंदीसुद्धा सुचली नाही, मराठीतच बोलले. तिला ते कळलं.

"मीपण," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला तिचा कुर्ता काढून घेतला.