खोलीत पोचवण्याचा आकार

क्रूझवर दुसऱ्या दिवशी सकाळी घोषणा झाली की, खोलीत काही मागवलं तर आजपासून वेगळा आकार पडेल. काउंटरपुढे एकच गलका झाला.

"तिकिटात सगळं आलं म्हणाला होतात ना!"

माझ्यापुढच्या वयस्कर काकांनी मात्र दोन चहा खोलीत पाठवायला सांगितले आणि पावतीवर मुकाट्याने सही केली. मागून एकजण म्हणाला, "काका, तुम्ही असे गप्प बसता म्हणून यांचं फावतं."

काका वळले. "बायकोला इथवर चालवत नाही हो. डॉक्टर नको म्हणत होते, पण तिला एकदा समुद्र बघायचा होता. मी भांडत बसलो, तर तेवढा वेळ ती एकटी राहील."

ते गेले. गलका आपोआप विरला. एकेक जण पुढे होऊन सही करू लागला. मीही केली. मला ना राग आला, ना धड वाईट वाटलं. रागावायलासुद्धा पुढे पुष्कळ दिवस आहेत असं वाटावं लागतं, एवढंच मनात आलं.

डेकवर आले तर चहूकडे सारखंच करडं पाणी होतं.

"काय झालं गं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," म्हटलं, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसले.