मच्छिंद्ररावांची पाठ आणि दैवशालाबाईंचा खांदा

अंबडच्या कोर्टासमोर मच्छिंद्रराव उढाणांचं झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी ते खुर्चीत बसतात, ते दिवेलागणीलाच उठतात. मधल्या वेळात व्यायाम होतो तो फक्त उजव्या अंगठ्याला, मोबाइलवर. तरी गिऱ्हाईक आलं की छाती काढून सांगायचं, "आम्ही पैलवान माणसं. लाल मातीतले." ही पैलवानकी म्हणजे शाळेत असताना गावच्या जत्रेत मारलेली एक रेवड्यांच्या बक्षिसाची कुस्ती. समोरचा गडी तापातून उठलेला होता, हे ते सांगत नाहीत. त्यांच्या बायकोला, दैवशालाबाईंना, ते सासूनंच सांगितलेलं होतं.

गेल्या वर्षी जावयानं त्यांना स्मार्ट घड्याळ पाठवलं. ते तासातासाला "उठा, चाला" म्हणायचं. मच्छिंद्ररावांनी दोन दिवस ऐकलं. मग बसल्याबसल्या हात हलवला तरी घड्याळ पावलं मोजतं, असा त्यांना शोध लागला आणि संध्याकाळपर्यंत ते खुर्चीतल्या खुर्चीत लांबच्या अंकुशनगरला जाऊन येऊ लागले. त्या आकड्यांच्या जोरावर त्यांनी बसस्टँडजवळच्या नव्या जिममध्ये नाव घातलं.

जिमचा ट्रेनर अबुबकर शिकून आलेला, शांत डोक्याचा पोरगा. तो म्हणाला, "काका, आधी नुसता दांडा उचला. वजन मंग लावू. तुमची कंबर अजून तयार न्हाई."

"तू जन्मला नव्हता तवापासून तयार हाये माझी कंबर," असं म्हणून मच्छिंद्ररावांनी दांड्याला दोन्हीकडून चांगल्या जाड चकत्या चढवल्या. मोबाइल आरशाला टेकवून व्हिडिओ चालू केला, बजरंगबलीचा जयजयकार केला आणि दांडा उचलला. तो गुडघ्यापर्यंत आला. पाठीत कटकन वाजलं. दांडा खाली गेला, मच्छिंद्रराव मात्र अर्ध्यावर वाकलेले तसेच राहिले. व्हिडिओत शेवटी एवढंच ऐकू येतं, "अबुबकर, बाबा, मला सरळ कर."

दुसऱ्या दिवशी ते तसेच वाकून दुकानाकडे निघाले. वाटेत एका नव्या वकिलाला वाटलं, हे आपल्याला मुजरा करून राह्यले. तोही बिचारा कमरेत वाकला. दोघं बराच वेळ एकमेकांना मान देत उभे होते.

मग उपचार सुरू झाले. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसानं लाथ मारली की उसण जाते, असं गल्लीचं मत पडलं. गल्लीत पायाळू एकच, शेजारच्या द्वारकाबाई. मोरीच्या पाण्यावरून त्यांचं आणि मच्छिंद्ररावांचं वर्षानुवर्षं वाकडं. द्वारकाबाईंनी पदर खोचला आणि अशी काही मनापासून लाथ हाणली की मच्छिंद्रराव ओट्यावरून थेट अंगणात गेले. "अजून एक मारू का? फुकट हाये," असं त्यांनी वरून विचारलं.

अखेर जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा. मच्छिंद्ररावांना वाटलं, मोठं मशीन असेल, करंट देतील. निघाली तृप्ती नावाची मुलगी, त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिनं त्यांना उताणं झोपवलं, गुडघे मोडायला लावले आणि म्हणाली, "आता कंबर हळूच वर उचला. श्वास रोखू नका."

"हे तर बारक्या लेकराचे खेळ झाले, मॅडम! मशीन लावा की."

"मशीननं शेक मिळतो, काका. ताकद तुम्हालाच आणावी लागेल. उचला बरं."

पैलवानांची कंबर गादीपासून बोटभर उठली आणि थरथरून खाली बसली. घरी करायचा व्यायाम त्यांनी केलाच नाही. पुढच्या खेपेला "रोज करून राह्यलो" असं ठोकून दिलं. तृप्तीनं फक्त "दाखवा" म्हटलं. कंबर पुन्हा बोटभरच उठली.

त्याच खेपेला तिचं लक्ष कोपऱ्यातल्या दैवशालाबाईंकडे गेलं. त्या पिशवीतली फाइल डाव्या हातानं काढत होत्या आणि उजवा हात पोटाशी धरला होता.

"काकू, तो हात वर करून दाखवता का?"

हात खांद्यापर्यंतही आला नाही.

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या असतील. चालायचंच."

"घरात कोणाला सांगितलं नाही?"

दैवशालाबाई नवऱ्याकडे बघून हसल्या. "सांगितलं की. हे म्हणले, बाईमाणसाला घरचं काम हाच व्यायाम."

मच्छिंद्ररावांनी छताकडे बघितलं. डाळीतांदळाचे डबे वरच्या फळीवरून खाली जमिनीवर कधी आले आणि आपण त्यांना ठेचकाळून बायकोवर किती वेळा ओरडलो, हे त्यांना आता आठवलं. अंबडची एसटी लागली तेव्हा फाइलची पिशवी त्यांनी बायकोच्या हातातून स्वतःकडे घेतली.

खांदा आखडलाय, सुटायला महिने लागतील, असं तृप्तीनं सांगितलं होतं. दैवशालाबाई रोज स्वयंपाक आटोपला की बैठकीतल्या भिंतीला तोंड करून उभ्या राहायच्या आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवायच्या. हळदीच्या बोटांचे ठसे आधी कमरेशी होते, मग छातीशी आले. दुखलं की डोळ्यांत पाणी यायचं, पण बाई थांबल्या नाहीत. आतल्या खोलीत पडलेल्या पैलवानांना दारातून दिसणारे ते ठसे बघवेनात. बायको पुढे जाते म्हटल्यावर त्यांनी चिडूनच कंबर उचलायला सुरुवात केली. चीड असली तरी पाठ सुधारली. पावसाळा सरता सरता ते सरळ उभे राहिले. अबुबकरकडेही गेले आणि मुकाट्यानं नुसता दांडा उचलू लागले.

तोंड मात्र दुरुस्त झालं नाही. कोर्टाच्या चहाच्या टपरीवर ते सांगतात, "बायकोचा खांदा बिलकुल बंद झाल्ता. मीच सरळ केला."

गल्लीतल्या बायकांना खरं माहीत होतं. कांताबाईचा गुडघा दुखायचा, उषाबाईची मान; सगळ्या दुपारच्या दैवशालाबाईंकडे येऊ लागल्या. "आधी तृप्ती मॅडमला दाखवा. ज्याचं दुखणं त्याचा व्यायाम," असं त्या प्रत्येकीला बजावायच्या आणि मग आपला हात वर नेऊन दाखवायच्या. रविवारी मच्छिंद्रराव बैठकीत भिंतीला टेकून बसले होते. सल्ला द्यायला त्यांनी घसा खाकरला.

"अहो," दैवशालाबाई म्हणाल्या, "जरा तिकडं सरका. भिंत लागती आम्हाला."