सिंगापूरच्या खानेसुमारीत आमचे गोविंदाआजोबा

आधी माफी मागतो. सिंगापूरला निघताना इथे मोठ्या तोऱ्यात लिहून गेलो होतो की परत आलो की आठ दिवसांत सगळं सविस्तर सांगतो. त्याला आता चार महिने झाले. एका वाचकाने तर "काका, तब्येत बरी ना?" असंही विचारलं. तब्येत बरी आहे. गुडघे पूर्वीइतकेच वाईट आहेत. लिहिलं नाही ते लाजेने. जे शोधायला गेलो त्याचं असं काही झालं की घरात सांगायची चोरी, मग जगाला काय सांगणार? पण सूनबाई म्हणाली, "बाबा, ब्लॉग उघडून दिलाय तो कुलूप लावायला नाही." म्हणून एका बोटाने टाइप करायला बसलो आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमचं गाव महाडजवळ, खाडीच्या काठी. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ गोविंदा शंभरेक वर्षांपूर्वी आजोबांशी भांडून घरातून गेले. मागे त्यांची बायको, आमची बयोआजी. लग्नाला दोनच वर्षं झालेली, मूल नाही. काही दिवसांनी एका धनगराबरोबर मोडीत लिहिलेली चिठ्ठी आली. 'नाव चढोन सिंगापुरास सुखरूप पावलो. काम लागले. पावसाळा सरलियावर निघोन येणे.' म्हणजे नावेत बसून पोचलो, पावसाळा संपला की परत येतो. त्यानंतर ना चिठ्ठी, ना माणूस. बयोआजी कुंकू लावूनच म्हातारी झाली आणि कुंकू लावूनच गेली.

माझी थोरली बहीण अक्का हिला बयोआजीने वाढवलं. अक्का आता चौऱ्याऐंशीची आहे. माझी मुलगी वैजू लग्न होऊन सिंगापूरला गेल्यापासून अक्काचा एकच धोशा होता. "तो तिकडे जाऊन मेला, की दुसरी करून बसला, एवढं विचारून ये. वर गेल्यावर मला बयोआजीला सांगावं लागेल."

पण विचारायचं कुणाला? जावईबापू तिथे बँकेत हिशेब बघतात. ते एकदा फोनवर सहज म्हणाले की इंग्रजांनी तिथेही दर दहा वर्षांनी खानेसुमारी केली होती, जुनी पुस्तकं ग्रंथालयात बघायला मिळतात. ते 'सेन्सस' म्हणाले, मी खानेसुमारी म्हणतो. झालं! मी सातवी पास माणूस. माझ्या डोळ्यांसमोर लगेच तलाठ्याच्या दप्तरासारखी लांबलचक वही आली. 'गोविंदा, राहणार खाडीकाठ, तालुका महाड, धंदा अमुक, बायका किती, मुले किती.' बोट ठेवायचं आणि उतरवून आणायचं. पासपोर्टला बाहत्तराव्या वर्षी अर्ज केला तो या वहीसाठी.

ज्यांना जायचंय त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मुंबईहून विमानाला साडेपाच तास लागतात. व्हिसा आधी काढावा लागतो, मुलीचं पत्र आणि फोटो एवढ्यावर मिळाला. माझ्यासारखी तंबाखूची सवय असेल तर ती मुंबईतच सोडावी. तिकडे कशालाही दंड आहे असं शेजाऱ्याने सांगितल्यामुळे मी विमानतळावर डबी कचऱ्यात टाकली, मग खिशात राहिलेला चुनाही त्याच डबीत ठेवावा म्हणून परत गेलो, आणि कचरापेटीत हात घातलेला बघून एका शिपायाने मला बाजूला घेतलं. चुन्याचं इंग्रजी मला येत नव्हतं आणि तो तर मराठीच होता, हे कळायला पाच मिनिटं गेली.

वैजू यिशुनला राहते. सरकारी इमारतीतला अकरावा मजला. खाली सगळा तळमजला मोकळा, खांब आणि बाकडी, त्याला 'व्हॉइड डेक' म्हणतात. पहिले दोन दिवस मी खिडकीपासून लांब बसलो आणि लिफ्टमध्ये देवाचं नाव घेतलं. नात सई नऊ वर्षांची. तिला मी येण्याचं कारण समजावलं तर तिकडच्या इंग्रजीत म्हणाली, "खानेसुमारी? दॅट्स फूड आह, आजोबा?"

"फूड नाही गं. माणसं मोजतात."

"मोजून देन व्हॉट? ही इज ऑलरेडी डेड, ला."

वैजूने तिला दटावलं. खरं तर साऱ्या प्रवासात सरळ बोलणारं ते एकच माणूस भेटलं.

तिसऱ्या दिवशी वैजूने रजा घेतली आणि आम्ही ग्रंथालयात गेलो. यिशुनहून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मग गाडी बदलून बुगिस. कार्ड दाराला टेकवलं की फाटक उघडतं. माझं तीनदा उघडलं नाही, कारण मी पाकिटातलं महाडच्या वाचनालयाचं कार्ड टेकवत होतो. ग्रंथालयाच्या इमारतीत इतकं गार की मी कानटोपी घातली. पुस्तकं दाखवणाऱ्या बाई तमिळ होत्या, पन्नाशीच्या, फार मायाळू. त्यांनी जाडजूड खंड आणून ठेवले. मी चष्मा पुसला, हात जोडले आणि पहिलं पान उघडलं. सगळे आकडे. दुसरं पान, आकडे.

"नावं कुठे आहेत विचार," मी वैजूला म्हटलं.

बाई काहीतरी हळू आवाजात म्हणाल्या. वैजूने माझ्याकडे बघायचं टाळलं. "बाबा, यात नावं नसतातच. नुसती बेरीज असते. नावांचे कागद त्यांच्याकडे नाहीत."

"बरं. मग मराठी किती ते तरी विचार."

बाईंनी बोट फिरवून एक ओळ दाखवली. तमिळांची ओळ वेगळी होती. आमची नव्हती. बाकीचे हिंदुस्थानी सगळे एकाच ओळीत कोंबलेले, आणि ओळीचं नाव 'बंगाली व इतर'.

"वैजू, त्यांना सांग आम्ही बंगाली नाही."

"बाबा, त्या काय करणार?"

"तक्रारवही असेल."

"शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजाची तक्रार? आता?"

वैजूने इंग्रजीत सांगितल्यावर बाईंना हसू आवरेना. "अंकल, मीही त्या तमिळांच्या ओळीत माझे आजोबा शोधले होते," त्या म्हणाल्या, "पण निदान ओळ तरी होती." मी तरी हट्ट सोडला नाही. त्या आकड्यात एक आमचा आहे, असं म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली आणि तिला नमस्कार केला. जाताना बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. मी फार पांढरा पडलो होतो म्हणे.

त्या संध्याकाळी लिटिल इंडियात जेवलो. डोसा चांगला मिळतो, आपल्या पैशांत साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं. चोवीस तास उघडं असलेलं एक भलंमोठं दुकान आहे तिथे अक्कासाठी लुगडं शोधलं, नऊवारी नव्हतं. चार ठिकाणी म्हाताऱ्या माणसांना 'गोविंदा महाडवाला' विचारून पाहिलं. एकाने मला मिठाईच्या दुकानात पाठवलं.

रविवारी पुलाउ उबीन बेटावर गेलो. हे जरूर करा. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते, बारा माणसं जमली की निघते, माणशी दोन डॉलर. गोविंदाआजोबा असेच 'नाव चढोन' आले असतील म्हणून मी पुढे जाऊन बसलो आणि मुद्रा गंभीर केली. होडी हलल्यावर ती गंभीर मुद्रा टिकली नाही. दहा मिनिटांच्या पाण्यात मी जावईबापूंचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. बेटावर जुनी लाकडी घरं आहेत, कोंबड्या फिरतात, लोक भाड्याच्या सायकली चालवतात. मी एका घराच्या पायरीवर बसलो आणि हेच त्यांचं घर असेल असं ठरवूनही टाकलं. घरातून एक चिनी आजीबाई आली आणि हातवारे करून मला उठवलं. पायरी तिने नुकतीच पुसली होती.

निघायला चार दिवस उरले असताना व्हॉइड डेकच्या बाकावर मला मोडक भेटले. पुण्याचे. मुलगा तिथे आयटीत, हेही माझ्यासारखेच तीस दिवसांचे पाहुणे. भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केलेली, मोडी अस्खलित. मी बोलायला मराठी माणूस मिळाला म्हणून सगळी कहाणी ओतली आणि चिठ्ठीची झेरॉक्स पुढे केली. ती मी रोज खिशात बाळगत होतो, पण एकदाही वाचली नव्हती. पाठ होती ना!

मोडकांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "ही तुमच्याकडे आणली कुणी?"

"एका धनगराने."

"सिंगापूरहून?"

"हो."

"शेळ्या घेऊन आला होता का हो?"

मी म्हटलं, त्याला बंदरात कुणीतरी दिली असेल, आमच्याकडे तसंच सांगतात. मोडकांनी मान हलवली. "आणि तुमचे आजोबा एवढा समुद्र नावेतून ओलांडून आले? आगबोटी नव्हत्या? अहो, हे 'नाव' नाही. घडीवर शाई फुटलीय, पण अक्षर ळ आहे. 'नाळ चढोन सिंगापुरास पावलो.' नाळ माहितीय ना? घाटातली अरुंद वाट. वेल्हे तालुक्यात, मोहरीच्या शेजारी, मौजे सिंगापूर. कड्याच्या अगदी टोकावर. तिथून सिंगापूरची नाळ थेट तुमच्या महाडकडे उतरते. त्या गावचे उतारे मी स्वतः लिहिलेत."

 आमच्या घराच्या मागच्या दारातून पूर्वेला बघितलं की सह्याद्रीची भिंत दिसते.

"चालत किती?" मी विचारलं.

"तुमच्या गावाहून? दोन दिवस. आणि हे पुढचं, 'निघोन येणे', याचा तुम्ही अर्थ काय घेतला?"

"की ते परत येतील."

"काका, जुन्या पत्रात 'येणे' म्हणजे 'ये'. पत्र पावताच येणे, रक्कम पाठवणे, कळवणे. तो बायकोला बोलावतोय. पावसाळा संपला, नाळ वाळली, की तू निघून ये."

समुद्रापलीकडे बाई एकटी कशी जाणार? म्हणून घरातल्यांनी 'ये'चं 'येतो' केलं असणार. पहिली चूक कुणाची ते मला माहीत नाही. पण सातवीत, तेव्हा शाळेत मोडी शिकवत, ही चिठ्ठी बाळबोध देवनागरीत उतरवायचं काम मला दिलं होतं. बयोआजी समोर बसली होती. मी अक्षराकडे पाहिलंच नाही, लहानपणापासून ऐकलेलं लिहून काढलं. तिने मला शाबासकी म्हणून गुळाचा खडा दिला. मी तो खाल्ला. तेव्हा नीट वाचलं असतं तर तिला निदान कळलं असतं.

मोडक माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, साठ वर्षांपूर्वीचं आहे. चला, चहा घेऊ." पुण्याच्या माणसाने आपणहून चहा पाजला, यावरून माझी अवस्था समजून घ्या. वर गेल्यावर जावईबापूंना सांगितलं तर ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. वैजू मात्र हसली नाही. तिने विचारलं, "अक्काआत्याला काय सांगणार?"

तोच प्रश्न घेऊन घरी आलो. अक्काला मी आधी विमान सांगितलं, मग डोसा, मग होडी. 'तो मेला की दुसरी केली' याला 'कागदात नाव नाही' एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. असे चार महिने काढले. मध्ये समुद्र होता तोवर कुणाचाच दोष नव्हता. दोन दिवसांच्या वाटेचं काय सांगायचं? शेवटी गेल्या आठवड्यात तिची औषधं काढून देताना माझ्याकडून सगळं बाहेर पडलं. नाळ, येणे, गुळाचा खडासुद्धा.

अक्काने गोळी गिळली. पाणी प्यायली. मला वाटलं आता रडेल किंवा मला मारेल. दोन्ही केलं नाही.

"पाणी ओलांडता येत नाही म्हणून बसून राहिली रे ती," अक्का म्हणाली. "डोंगर तर ती रोज चढायची, लाकडांना."

मग पेला खाली ठेवून म्हणाली, "आणि तो वर बसून हिची वाट बघत असेल. ही आली नाही म्हणून रागावला असेल."

आता तिला तो मेला की दुसरी केली याचं काही पडलेलं नाही. तिला एवढंच हवंय की कुणीतरी त्या गावात जाऊन सांगावं, बयो यायला तयार होती, तिला निरोप चुकीचा कळला. त्यांची कुणी नातवंडं-पतवंडं असतील तर त्यांना सांगावं, नसतील तर गावातल्या कुणालाही. परत आल्यावर मी त्या सिंगापूरच्या ग्रामपंचायतीला दोन पोस्टकार्डं टाकली होती, उत्तर नाही. पुण्याहून वेल्ह्यापर्यंत एसटी आहे, पुढे रस्ता कच्चा, आणि माझे गुडघे ते मानणार नाहीत.

म्हणून वाचकहो, प्रवासाचे सल्ले इथे संपले. तुमच्यापैकी कुणी ट्रेकला मोहरी-सिंगापूरकडे जात असेल, कुणाचं मूळ गाव तिकडे असेल, तर खाडीकडून आलेल्या गोविंदा नावाच्या माणसाबद्दल म्हाताऱ्या लोकांना विचारा. काही कळलं, अर्धंमुर्धं कळलं, अगदी 'असा कुणी नव्हता' एवढंच कळलं, तरी खाली लिहा. माझ्यासारखे चार महिने लावू नका. आज कळलं तर आजच लिहा, अक्का रोज सकाळी विचारते.