पुष्पलताबाईंनी कॉम्प्युटर मिरवला

पुष्पलताबाईंची ओळख झाली ती नातीच्या बारशाच्या पत्रिकेवरून. मी पारशिवनीकडचा शेतकरी, गावच्या शाळेत चौथी शिकलेला. मुलगा नागपुरात नोकरीला लागला तेव्हापासून त्याच्यासोबत सक्करदऱ्यात राहतो. पत्रिकेचा मजकूर घेऊन बाईंच्या दुकानात गेलो, तर कागदावर नजर फिरवून त्या म्हणाल्या, "बापूजी, यात पोरीच्या आत्याचं नाव कुठाय?"

नव्हतंच. आत्या म्हणजे माझी लेक कामिनी. ती पत्रिका तशीच छापली असती तर पुढची दोन वर्षं लेकीनं माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं. त्या दिवसापासून मी बाईंचा झालो. रोज सकाळी तलावाकडून फिरून आलो की त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसतो. त्या कंपोजिंग करतात, मी गोष्टी सांगतो. त्या किती ऐकतात, ते मी विचारलेलं नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाईंचे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळ्यांचा जमाना गेला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला, स्वतः शिकले, बाईंना शिकवलं, आणि एक दिवस हृदयविकारानं गेले. मग बाईंनी दुकान एकटीनं चालवलं, मुलाला, अमोलला, शिकवलं. तो आता पुण्यात असतो. या मोहल्ल्यात दोन पिढ्यांची लग्नं बाईंच्या बोटांखालून गेली. सगळ्या पत्रिका त्या कॉम्प्युटरमध्ये जपलेल्या. घरातल्या धाकट्याचं लग्न निघालं की थोरल्याची पत्रिका उघडायची, नावं बदलायची. मानपानाचा क्रम तोच राहतो, भांडण होत नाही.

पण यंदा कॉम्प्युटर थकला. सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की बाई बटण दाबून कुकर लावून यायच्या. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइवमधून व्हायरस यायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची इडापिडा नेणारी मारबत निघाली तेव्हा बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "व्हायरस घेऊन जा गे मारबत." व्हायरस काही गेला नाही. वर पडद्यावर रोज पाटी यायची की तुमची प्रणाली जुनी झाली, नवी घ्या. आणि नवी तर या मशीनवर बसतच नव्हती.

अमोल नवरात्रात आला. पोरगा गुणाचा आहे. म्हणाला, "आई, मशीन संपली. तू पण आता आराम कर. चाल माह्यासंग पुण्याले."

"तिथं मी काय करू गा दिवसभर?"

"काहीच नको करू. तेच तर सांगून राहिलो."

बाईंनी खूप विचार केला आणि शब्द दिला, दसऱ्यापर्यंत मशीन धड चालली नाही तर दुकान बंद, दसऱ्याच्या संध्याकाळच्या गाडीनं पुणे. अमोलनं दोन तिकिटं काढूनही टाकली.

खांडेनवमीला सकाळी मी गेलो तर कॉम्प्युटर पूजेत मांडलेला. पुसून लख्ख केलेला, हळदकुंकू, झेंडूचा हार. आमच्याकडे नांगर-विळे मांडतात तसाच. दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत हत्याराला कामाला लावायचं नसतं. बाई त्याच्याकडे अशा पाहत होत्या, जसं मी माझ्या शेवटच्या बैलजोडीकडे ती बाजारात नेताना पाहिलं होतं.

तेवढ्यात करिष्मा आली. ही शेजारच्या गल्लीतली, इंजिनिअरिंगला शिकते. तिला बायोडाटा छापून हवा होता. बाईंनी सगळी हकीगत सांगितली तशी ती म्हणाली, "काकू, यावर दुसरी प्रणाली, लिनक्स, टाकून पाहू ना. आम्ही कॉलेजात जुन्या मशीनवर तेच टाकतो. मस्त चालते."

"किती घेतात त्याचे?"

"काहीच नाही. जगभरातले लोक मिळून बनवतात. आत काय आहे ते कोणालेही उघडून पाहता येते, सुधारता येते."

बाईंचा चेहरा कसनुसा झाला. "फुकट काहून देतीन कोणी? काही गोम असन त्यात."

आता मला राहवेना. म्हटलं, "बाई, आमच्या गावात इरजिक असते. एखाद्याची नांगरणी अडली की गावातले लोक आपापले बैल घेऊन त्याच्या वावरात उतरतात. मजुरी घेत नाहीत. त्यानं फक्त जेवू घालायचं, आन् दुसऱ्याची अडली की आपले बैल न्यायचे. त्यात कोणती गोम आहे?"

बाई थोड्या नरमल्या. पण लगेच दुसरी अडचण निघाली. "आज तर मशीनले हात नाही लावता येत. उद्या ये, बेटा."

"उद्या मी वर्ध्याले असन, मामाकडे. दुपारचीच बस आहे."

अमोल खुर्चीत मोबाइल पाहत बसला होता. म्हणाला, "राहू दे वं आई. काहून तिला ताप?"

करिष्मा म्हणाली, "काकू, आज टाकायचं नाहीच. या माह्या पेनड्राइववर लिनक्स आहेच, त्यावरून नुसतं चालवून पाहता येते. तुमच्या मशीनच्या आतलं काही बदलत नाही. बंद केलं की जसं होतं तसं."

हे ऐकलं आणि मला जणू गावचा पोळा दिसला. म्हटलं, "बाई, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवतो का आपण? नाही. पण त्याले सजवून गावातून मिरवतोच ना? मग हेही मिरवणंच आहे. काम नाही करायचं, फक्त मिरवायचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि कॉम्प्युटरच्या गळ्यातला हार जरासा बाजूला सारला. "हार नका काढू," म्हणाल्या.

हारासकट मशीन सुरू झाली. कुकर लावायलासुद्धा वेळ मिळाला नाही, इतक्यात पडदा उजळला. पण बाईंना त्याचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव पत्रिकांत. "माह्या जुन्या फाइली उघडते का ते पाहा."

करिष्मानं एक उघडली. गणपतीच्या चित्राखाली नुसतीच इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस. जणू मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं.

अमोल हळूच म्हणाला, "पाहिलं ना आई."

बाई मात्र पुढे वाकल्या होत्या. "थांब गा. हे तर तुहे बाबा होते तेव्हाही व्हायचं. अक्षरं गेली नाहीत, फाँट नाही बसला. करिष्मा, त्या फाइलींच्या शेजारीच फाँट ठेवले आहेत पाहा."

करिष्मानं तो फाँट उचलून नव्या जागी ठेवला आणि फाइल पुन्हा उघडली. 'श्री गजानन प्रसन्न.' त्याखाली वराचं नाव, वधूचं नाव, आणि निमंत्रकांची ती लांबलचक यादी, मानाप्रमाणे. एखाद-दोन ओळी इकडच्या तिकडे सरकल्या होत्या. बाई म्हणाल्या, "ते मी सरळ करून घेईन." मग एकेक पत्रिका उघडून पाहत राहिल्या. अमोलची खुर्ची कधी त्यांच्या शेजारी सरकली ते मला कळलंच नाही.

करिष्माला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाटवडी-रस्सा खाऊन, पेनड्राइव ठेवून ती बस धरायला पळाली.

दसऱ्याला पूजा उचलली. अमोलनं आधी सगळ्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवली, मग फोनवर करिष्मा सांगत गेली तसतसं लिनक्स बसवलं. शेवटचं बटण दाबायची वेळ आली तेव्हा बाई म्हणाल्या, "तूच दाब." त्यानं दाबलं. मी दोघांना सोनं दिलं, प्रिंटरलाही एक पान वाहिलं. एक पत्रिका छापून पाहिली, स्वच्छ निघाली.

संध्याकाळी ऑटो दारात आला. अमोलच्या हातात एकच बॅग होती. बाई फाटकापर्यंत आल्या.

"दिवाळीले तरी पुण्याले येशीन ना वं तू?" त्यानं विचारलं. "चांगली महिनाभर राह्य."

"चार दिवस येईन," बाई म्हणाल्या. "तुळशीचं लग्न झालं की माहा सीझन सुरू होते."